जुनी डॉल्फिन सिटी नेमकं कुठे काम काढते

कोणाकडे जुनी होंडा सिटी आहे असं कळलं की मी विचारतोच, कशी आहे गाडी, आणि उत्तर जवळपास ठरलेलं असतं: "अरे, इंजिनला अजून हात लावलेला नाही." मी बोलतोय ती २००३ ते २००८ मधली सिटी, जिला सगळे डॉल्फिन म्हणतात. आमच्याकडे त्यातलीच २००६ ची सिटी झेडएक्स आहे, बाबांनी नवी घेतली होती, त्यांनी चालवणं सोडल्यावर माझ्याकडे आली आणि आता घरातली एकुलती एक गाडी तीच. आमच्याही इंजिनला हात लावलेला नाही हे खरंच आहे. पण सेकंडहँड घेणाऱ्याला या उत्तराचा काही उपयोग नाही, कारण ही गाडी इंजिनात काम काढतच नाही, ती बाकी सगळीकडे काढते, आणि तो खर्च कोणी मोजतच नाही.

इंजिन का टिकतं ते आधी बघू. ही गाडी आली तेव्हा आधीच्या सिटीचे फॅन जाम भडकले होते. त्या आधीच्या सिटीच्या व्हीटेक इंजिनाला १०६ हॉर्सपॉवर होती आणि हिच्यात आलं १४९७ सीसीचं आय-डीएसआय इंजिन, फक्त ७७ ची पॉवर, म्हणजे पळणारी गाडी बंद करून काकांची गाडी आणली अशी बोंब. नंतर १०० हॉर्सपॉवरवाली व्हीटेक आली पण रस्त्यावर जास्त दिसली ती ७७ वालीच. आणि गंमत म्हणजे तीच तिची पुण्याई. एवढ्या सीसीच्या इंजिनकडून एवढंच काम घेतलं तर ते दमणार कधी. वर टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे बेल्ट तुटला आणि इंजिन बसलं ही भीतीच नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधलं अंतर, मात्र वेळच्या वेळी सेट करून घ्यावे लागतात, ते बहुतेक लोक करत नाहीत आणि मग म्हणतात डिझेलसारखा आवाज येतोय.

आता प्लगची गोष्ट, ही प्रत्येक डॉल्फिनवाल्याला माहीत पाहिजे. या ७७ वाल्या इंजिनात चार सिलिंडर आणि आठ स्पार्क प्लग आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे पेट्रोल नीट जळावं आणि अॅव्हरेज मिळावं. चार पुढे, बॉनेट उघडलं की हाताशी. चार मागे, काचेच्या बाजूला, तिथे हात जात नाही. आमची गाडी मध्ये खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरला झटके द्यायला लागली. एका गॅरेजमध्ये सांगितलं पेट्रोलमध्ये पाणी आहे, दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले, तिसरा तर फ्युएल पंपच बदला म्हणत होता. शेवटी वडगावच्या एका मेकॅनिकने गाडी चालू ठेवली, बॉनेटवर हात ठेवून नुसतं ऐकलं आणि विचारलं, "साहेब, मागचे प्लग कधी बदलले?" बिलं काढली तर प्रत्येक मोठ्या सर्व्हिसला प्लग बदललेत, पण नग चारच. त्याने वायपरचे दांडे काढले, काचेखालची ती काळी प्लास्टिकची ट्रे काढली, ट्रेमध्ये पिंपळाची कुजलेली पानं आणि माती, आणि मग खाली कुठेतरी लांब एक्स्टेन्शन घालून एकेक प्लग बाहेर. पुढचे नि मागचे दोन रांगांत फडक्यावर मांडले. पुढच्यांची टोकं चौकोनी, स्वच्छ, मागच्यांची झिजून गोल झालेली, एकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळी रेघ, म्हणजे तडा. त्याच प्लगला वीज देणाऱ्या कॉइलचं रबरही फाटलेलं. चारही प्लग नि एक कॉइल बदलली आणि गाडी गप्प झाली. फ्युएल पंपाचे पैसे वाचले ते वेगळेच. तेव्हा ७७ वाली गाडी घ्यायला जाल तेव्हा बिलात प्लग किती लिहिलेत ते बघा, चार असतील तर समजून जा.

पण रोजच्या खर्चाचं बघाल तर खरा खर्च रबराचा. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपचे माऊंटिंग, इंजिनचे माऊंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचे बूट. पुण्याच्या रस्त्यांवर हे टिकत नाही, कोणत्याच गाडीचं टिकत नाही, त्यात ही खाली बसलेली, चार माणसं आणि डिकीत बॅगा असल्या की सोसायटीचा गतिरोधक पोटाला लागतो म्हणजे लागतोच. स्टिअरिंग रॅकचा खडखडाट पण जवळजवळ प्रत्येक मालकाकडून ऐकलाय. यात माझं मत स्पष्ट आहे, बुश आणि माऊंटिंग ओरिजनलच घ्या, थोडे थांबावं लागलं तरी चालेल. नाना पेठेत निम्म्या किमतीत मिळतात, दिसतात पण सारखे, पण एक पावसाळा काढला की परत तोच आवाज आणि मजुरी दोनदा. दरवाज्याची हँडल, आरसे, टेललाइट असलं काही हवं असेल तर मात्र नवं घेऊ नका, मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तुटलेल्या गाड्यांचं सामान मिळतं, तिथे बघा.

एसीचं म्हणाल तर गॅस भरून दोन महिन्यांत परत गरम हवा येत असेल तर पुन्हा गॅस भरू नका, बहुधा कूलिंग कॉइल लीक आहे. ती डॅशबोर्डच्या आत असते, दिसत नाही, म्हणून गॅसवाला गॅस भरत राहतो.

लोकांचे अनुभव गोळा करताना एक गोष्ट मला आधी उलटी वाटायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची २००५ ची सिटी अगदी कमी चाललेली, मंडई, बँक आणि वर्षातून एकदा नरसोबाची वाडी, बस. कागदावर बघाल तर हीच घ्यावी. पण तिचंच काही ना काही चालू असतं, बॅटरी उतरते, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, उभ्या उभ्या टायरला चिरा पडल्या, आणि पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडलं ते वेगळंच. उलट माझा नाशिकचा मेहुणा, त्याची कधीच दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली, नाशिक-मुंबई सारखं चालू, कसारा घाट तिला पाठ, आणि त्याचा मोठा खर्च म्हणजे क्लच प्लेट आणि शॉकअप, तेवढंच. त्याला म्हटलं इतकी कशी टिकली तर म्हणतो, "दाजी, तिला थांबूच देत नाही ना." किलोमीटर बघून गाडी ठरवणारे लोक इथेच फसतात. उभी गाडी जास्त खराब होते.

ऑटोमॅटिकवाली, म्हणजे सीव्हीटी, हा वेगळा विषय आहे. ऑफिसमधल्या एकाकडे होती, ट्रॅफिकमध्ये राजेशाही, पण सिग्नलवरून उठताना थरथरायची. सीव्हीटीचं ऑइल वेळेवर आणि योग्य ते पडलं असेल तर चालते, कोणीतरी साधं गिअर ऑइल ओतलं असेल तर संपलं. ऑइलची बिलं नसतील तर मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

आणि हे पण लक्षात घ्या की आज रस्त्यावर ज्या डॉल्फिन दिसतात त्या उरलेल्या आहेत. ज्यांना त्रास झाला त्यांनी कधीच विकल्या, काही भंगारात गेल्या, त्यांचे मालक आता आपल्याला "काय गाडी होती" सांगायला येत नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्यांच्या कौतुकावर थोडं पाणी टाकूनच घ्या. दिल्लीहून आलेल्या गाड्या पण बाजारात खूप आहेत, तिकडे १५ वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली म्हणून एनओसी घेऊन इकडे विकतात. रंग चकचकीत असतो, किंमत कमी असते, कागद मात्र दोनदा तपासा. मुंबईची, त्यातून समुद्राजवळची असेल तर गाडी वर उचलून पत्रा खालून बघा. एअरबॅगवाली असेल तर चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने बोलावून भाग बदलून देणं, राहिलाय का तेही बघून घ्या, टकाटा कंपनीच्या एअरबॅगचा घोळ जगभर झाला होता आणि होंडाच्या पण बऱ्याच गाड्या त्यात होत्या.

सरकारी खर्च मात्र आता गाडीपेक्षा जास्त टेन्शन देतो. २०२१ ला १५ वर्षं झाली तेव्हा आरसी नव्याने करायची फी ६०० रुपये होती, वर पर्यावरण कर. २०२२ च्या एप्रिलपासून ती ५००० झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीला सरळ १० हजार. मधे ती नवी नंबरप्लेट, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हे सगळं धरलं तरी नव्या गाडीच्या हप्त्यापुढे काहीच नाही, म्हणून ठेवलीये.

आता डोक्यात आहे ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. अॅव्हरेज आमचं थोडं पडलंय, शहरात जाणवतं, हायवेला फारसं नाही. पण सरकारनेच सांगितलंय की काही जुन्या गाड्यांमध्ये २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, म्हणजे परत रबरच. ही गाडी बनली तेव्हा एवढं इथेनॉल कोणाच्या डोक्यातही नव्हतं. वडगावचे आमचे मेकॅनिक गणपतीला गावी गेलेत, ते आले की पेट्रोलचे सगळे पाइप एकदा उघडून बघणार आहे, पासिंगच्या आधी. तुमच्यापैकी कोणी डॉल्फिनचे पाइप बदलून घेतले असतील तर ओरिजनल मिळाले का आणि मजुरी किती घेतली तेवढं खाली लिहा.