नोकरी सोडायची, पण कागदावर

माझ्या बॅगेत नऊ दिवस एक पाकीट पडून होतं. आत चार ओळींचा राजीनामा. 17 नोव्हेंबरला, सोमवारी, तो देऊन टाकला. दुसरी नोकरी हातात नसताना. घरच्या ग्रुपवर तेव्हापासून ‘आधी दुसरी शोधायची ना’ असं जे सुरू झालंय, त्याला तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

एप्रिलपासून मी जर्मनीत माग्डेबुर्गला मास्टर्स करतेय आणि मे महिन्यापासून एका बेकरीच्या काउंटरवर मिनीजॉब, म्हणजे कमाईला मर्यादा असलेली छोटी अर्धवेळ नोकरी. 2025 मध्ये ही मर्यादा महिन्याला 556 युरो होती. तासाला 12.82 युरो हे तेव्हाचं किमान वेतन धरलं तर महिन्याचे 43 तास. आकडा छोटा वाटतो. पण ते तास पहाटे पाचच्या पाळ्यांमध्ये विखुरलेले, आणि कोणत्या दिवशी जायचं ते आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळायचं.

19 ऑक्टोबरला, रविवारी रात्री, मेसेज आला: उद्या पाच वाजता. उद्या म्हणजे पहिली आंघोळ. पावणेचारला उठले, आईने पाठवलेलं उटणं लावलं, मोबाइलच्या उजेडात एक पणती लावून विझवली आणि ट्रॅम पकडली. ओव्हनमधून ब्रेडचा पहिला ट्रे ओढताना हाताला उटण्याचा वास आला आणि मला रडू आवरेना.

दुकानात साठीला टेकलेल्या एक बाई आहेत. मी मनातल्या मनात त्यांना मावशी म्हणते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. गर्दी ओसरल्यावर ब्रेडची कागदी पिशवी उलटी करून त्यावर लिहायला लागल्या. ‘4 दिवस’: पाळ्या ठरलेल्या नसतील तर मालकाने किमान चार दिवस आधी सांगायला हवं, नाहीतर मी नाही म्हणू शकते. त्याखाली ‘4 आठवडे’: प्रोबेशन संपल्यावर सोडायचं तर चार आठवड्यांची नोटीस, तीही महिन्याच्या 15 तारखेला किंवा महिनाअखेरीला संपणारी. आणि सगळ्यात खाली ‘कागद’. त्या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

या कागदाबद्दल मला खरंच बोलायचंय. जर्मनीत नोकरीचा राजीनामा ईमेलने दिलेला चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, सही स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ नाही. कागद हवा आणि त्यावर पेनाने केलेली सही हवी, नाहीतर तो राजीनामाच नव्हे. आधी मला संताप आला. पहाटे बोलवायला मेसेज पुरतो आणि सोडायला मात्र प्रिंट काढून आणायची? मग कळलं की मालकालाही हाच नियम आहे. रागाच्या भरात रात्री अकराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असा मेसेज टाकून तो कुणालाही काढू शकत नाही. सांगलीत माझी मावसबहीण कापडाच्या दुकानात चार वर्षं होती. एका शनिवारी शेठनी तोंडी सांगितलं, सोमवारी ती घरी. इथे महिन्याला 43 तास ब्रेड विकणाऱ्या मुलीसाठीही कायदा कागद मागतो, भरपगारी रजा देतो. मला याचं अप्रूप वाटतं आणि वाटत राहील. (सांगलीच्या त्या शेठनी दिवाळीचा बोनस मात्र कधी चुकवला नाही, हेही खरं. इथे दिवाळी कधी असते, हे कुणी विचारलं नाही.)

आता ‘आधी दुसरी शोधायची ना’ याबद्दल. ऑगस्टपासून शोधतेय. 31 अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या. एक वर्किंग स्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम, आणि एक विद्यापीठातल्याच हिवीच्या, म्हणजे विद्यार्थी मदतनिसाच्या कामाची. दोन्हीकडे एकच प्रश्न: आठवड्यातले कोणते दिवस नक्की येऊ शकाल? मला सांगता आलं नाही, कारण माझे दिवस माझ्या हातात नव्हते. जुलैमध्ये एका विषयात नापास झाले तेही आदल्या दिवशीच्या पाळीनंतर. आमच्याकडे एका विषयाला तीनच संधी. व्हिसा शिक्षणाचा आहे, बेकरीचा नाही. ती नोकरी गेली म्हणून मला कुणी परत पाठवणार नाही, पण विषय राहत गेले तर पाठवू शकतात.

पैशांचं सांगते. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, मार्चपर्यंत दर महिन्याला 992 युरो येणार. खोलीचे 310, विम्याचे 140 च्या वर, किराणा जेमतेम पावणेदोनशे. बेकरीतले थोडे साठलेत. फेब्रुवारीचे पेपर निभावतात. मार्चनंतरचं उत्तर आज माझ्याकडे नाही, आणि हे मी बाबांपासून लपवलेलं नाही.

पत्राच्या दोन प्रती नेल्या होत्या. मॅनेजरने एकीवर ‘मिळाले, 17.11.’ लिहून सही केली. शेवटचा दिवस 15 डिसेंबर. मावशींनी मागे लागून मला कामाचं प्रशस्तिपत्रकही लेखी मागायला लावलं. ते मागणं हा हक्कच आहे इथे. त्यात ‘नेहमी’ हा शब्द आहे का ते आधी बघ, म्हणाल्या. ‘आम्हांला पूर्ण समाधान’ एवढंच लिहिलं तर ते बेताचं समजतात, ‘नेहमी’ आला तर चांगलं. आल्यावर आधी मला दाखव, असंही दोनदा बजावलं.

बाबा एसटीत 32 वर्षं कंडक्टर होते. फोनवर पहिलं वाक्य तेच, जे मला माहीत होतं: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. मी सगळं सांगितलं, दिवसांचं, जुलैचं, मार्चचंही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, पंधरापर्यंतचा पगार मिळणार ना? म्हटलं, मिळणार, उरलेल्या रजेचासुद्धा. पत्राचा फोटो पाठव म्हणाले. जर्मनचं अक्षर कळत नाही त्यांना, पण तारीख शोधून काढली. रात्री आईने फोटो पाठवला: कालनिर्णयवर 15 डिसेंबरला लाल पेनाने गोल केलाय.