मिनिटाला ४६

मोटारसायकल सुरू होती आणि बाळंतीण मागे बसलेली होती. मांडीवर सात दिवसांची पोरगी, दोन दुपट्ट्यांत गुंडाळलेली, वरून टोपी, पायात मोजे. मे २०२१, भर दुपार. मी दारात पोचले आणि नवरा ओरडला, "आशाताई, एक्याऐंशी दाखवून राहिलं हो! यवतमाळले चाललो आम्ही."

यवतमाळ आमच्या गावापासून ५२ किलोमीटर. ऊन ४४ डिग्रीचं. त्या उन्हात डबल सीटवर सात दिवसांचं लेकरू नेलं असतं, तर यवतमाळला पोचेपर्यंत ते खरोखरच आजारी पडलं असतं. मी आधी गाडीची चावी काढून घेतली. असं करायचा अधिकार मला नाही, पण अकरा वर्षं आशा, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हणून गावात फिरल्यावर माणूस थोडा आगाऊ होतोच.

आत जाऊन पाहिलं तर पोरीच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर. मोठ्या माणसाच्या बोटाला लावायचा, चिमटा असतो तो. याच घरात एप्रिलमध्ये म्हाताऱ्यांसाठी अडीच हजाराला घेतला होता. म्हातारे गेले, मशीन राहिली. खाली जाणारा आकडा पाहत पाहत या घराने एक माणूस गमावला होता. त्यामुळे त्या लाल आकड्याला ते घाबरले, यात मला काही नवल वाटलं नाही.

मला ते मशीन चांगलं माहीत होतं. आदल्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा तसंच एक आमच्या हातात दिलं होतं, सोबत ताप मोजायची बंदूक. दारोदार फिरून बोटं चिमट्यात घातली होती. त्या चिमट्यात एका बाजूने उजेड जातो, दुसऱ्या बाजूला तो पकडला जातो, मधे बोट नीट भरून बसलं तरच आकडा खरा. सात दिवसांच्या लेकराच्या अंगठ्याने तो चिमटा काय भरणार! उजेड बाजूनेच निसटतो. त्यात लेकरू पाय झाडतं. मी पाहत होते तेवढ्यात ८१चे ७४ झाले, मग ९३, मग नुसत्या रेघा.

"मशीन बाजूले ठेव पहिले," मी म्हटलं. "पोरीकडे पाह्य."

पोरगी गुलाबी होती. जीभ गुलाबी, ओठ गुलाबी. काखेत थर्मामीटर लावला तर ९९.४. हे आमच्याकडच्या उन्हाळ्यात हमखास. खिडकी कोरोनाच्या भीतीने बंद, कूलर सर्दीच्या भीतीने बंद, आणि लेकरू डिसेंबरात असल्यासारखं गुंडाळलेलं. टोपी, मोजे, एक दुपटं काढलं, खिडकी उघडली, अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर ९८.४. हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवलं आहे: उन्हाळ्यात बाळ गरम लागलं तर आधी कपडे कमी करा, मग ताप म्हणा.

आता श्वास मोजण्याबद्दल. या एका कामाचा मला अभिमान आहे आणि पुढचा सगळा घोटाळाही त्यातूनच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही घरी सहा भेटी देतो. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ही पद्धत दिल्लीत बसून कोणी काढलेली नाही. ती आमच्या विदर्भातल्या गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्यांच्या 'सर्च' या संस्थेत गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरोघरी नवजात बाळं वाचवून दाखवली, तो अभ्यास १९९९ साली छापून आला आणि २०११मध्ये सरकारने तेच काम देशभरातल्या आशांच्या पिशवीत टाकलं. पिशवीत वजनाचा झोळीकाटा, थर्मामीटर, घड्याळ, बॅटरी, बाळाचं ब्लँकेट. सहा भेटींचे मिळून २५० रुपये.

श्वास मोजायचा तर बाळ शांत हवं, रडत नको, नुकतंच दूध प्यालेलं नको. कपडा वर करायचा, पोटाकडे पाहायचं. पोट वर आलं की एक. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, अजिबात नाही, कारण नवजात लेकरू एका लयीत श्वास घेतच नाही. भराभर पाच-सात घेतं, मग थांबतं. पाच सेकंद, कधी आठ सेकंद काहीच नाही. मग पुन्हा भराभर. ज्याला माहीत नाही त्याचा तेवढ्यात जीव जातो. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर लगेच पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्यांदाही ६० भरले तर गाडी बोलवायची. छाती आत ओढली जात असेल किंवा लेकरू दूध सोडत असेल तर आकड्याची वाटही पाहायची नाही. आमच्या तालुक्यात मी असे डॉक्टर पाहिले आहेत जे स्टेथोस्कोप दहा सेकंद टेकवतात आणि "ठीक आहे" म्हणतात. मी दोन मिनिटं मोजते.

त्या पोरीचे ४६ भरले. दुसऱ्यांदा ४४.

बाळंतीण एवढा वेळ गप्प होती. चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर वर्धा जिल्ह्यात, तिथे घरात तिघं पॉझिटिव्ह आणि जिल्हा ओलांडायला ई-पास. आई आलीच नाही. ती हळूच म्हणाली, "ताई, ते मधातच थांबते. मी रात्री पाहते. थांबते म्हणजे थांबतेच."

"थांबते, आणि मंग घेते," मी म्हटलं. "समद्याच लेकरायचं असं असते. पाह्य, तुले शिकवतो."

आणि मी तिला शिकवलं. मोबाइलचं घड्याळ लावून, पोटावर नजर ठेवून, एक, दोन, तीन. बाळंतीण हुशार, तिने पहिल्याच वेळी ४५ मोजले. आम्ही दोघी हसलो. नवऱ्याने गाडी सावलीत लावली. सासू म्हणाली, "त्या मशीननं माहं घर खाल्लं, ठेव तिले कोठीत." मी घरी जाताना स्वतःवर खूश होते. संध्याकाळी आम्हा आशांचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना फोनवर सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, भेटीचा फोटो टाका ग्रुपवर. त्यांचंही बरोबर, त्यांना वर फोटोच द्यावे लागतात.

चौदाव्या दिवशी सगळं ठीक. म्हणजे मला ठीक वाटलं. वजन वाढलेलं, नाळ पडलेली. त्या दिवशी गावात लसीकरण होतं, मला घाई होती. लोकांना लसीसाठी तयार करणं ही वेगळीच गोष्ट, त्यात शिरत नाही. एवढंच सांगते की त्याच वर्षी ३१ जानेवारीला आमच्याच जिल्ह्यात बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं वाचली, पण त्यानंतर कित्येक महिने बाया माझ्या हातातल्या बाटलीचा आधी वास घेत. मला राग यायचा आणि राग गिळावा लागायचा.

एकविसाव्या दिवशी वही दिसली. शाळेची दोनशे पानी, रेघी. बाजेवर उशाखाली. मी सहज उघडली. तारीख, वेळ, आकडा. ४६, ४४, ४८, ४३. दर अर्ध्या तासाने. दिवसाही आणि रात्रीही. रात्री तर पंधरा-पंधरा मिनिटांनी. एकोणीस पानं भरलेली.

मी बाळंतिणीकडे नीट पाहिलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिचे डोळे आत गेले आहेत. दूध पाजायच्या आधी ती दर वेळी साबणाने छाती धूत होती, चिरा पडल्या होत्या, पाजताना दात आवळत होती. नाकावर डबल मास्क. कोणी पोरीला घ्यायला आलं की तिचा श्वास फुलायचा. टीव्हीवर रोज रात्री तेच, तिसरी लाट लहान मुलांवर येणार. मुंबईत त्यासाठी डॉक्टरांचा टास्क फोर्सही बसला होता. बातमी देणाऱ्याचं काय जातं? तो सांगतो आणि झोपतो.

"झोपतं का तू?" मी विचारलं.

"झोपलो आन् ते थांबलं तर?"

मी शिकवलेलंच ती करत होती. मशीन मी कोठीत टाकायला लावली आणि तिच्या हातात दुसरी मशीन दिली, बॅटरी न संपणारी. आकडा बरोबर आला की तिला दहा मिनिटं बरं वाटायचं, मग वाटायचं की दहा मिनिटांत बदलला असेल. मोजून भीती कमी होत नव्हती, मोजल्याने पुन्हा मोजावंसं वाटत होतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त वही मिटवून ठेवली आणि फॉर्म काढला.

आमच्या फॉर्मवर आईसाठी रकाने आहेत. रक्तस्राव, ताप, घाण वास, दूध येतं का, स्तनांना चिरा आहेत का. आणि एक रकाना: आई असंबद्ध बोलते का किंवा झटके येतात का. मी पेन हातात धरून बसले. ती असंबद्ध कुठे बोलत होती? माझ्यापेक्षा सुसंबद्ध बोलत होती. वेळेसकट, आकड्यासकट. मी 'नाही'वर खूण केली. ती खूण आजही त्या फॉर्मवर आहे.

घरी आल्यावर रात्री आठवलं की माझ्याकडे एक दुसरा कागद आहे. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २०१५मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आम्ही आशा शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारतो: झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का, जगण्यात काही अर्थ नाही असं वाटतं का. कापूस गेलेल्या, कर्ज झालेल्या माणसासाठी लिहिलेले प्रश्न. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी पुन्हा त्या घरी गेले. भेटीचा दिवस नव्हता. सासूला सांगितलं, पोरीले अंगणात ने, निंबाखाली. आणि मी तिला शेतकऱ्याचे प्रश्न विचारले.

झोपेच्या प्रश्नाला ती हसली. जेवणाच्या प्रश्नाला म्हणाली, चव लागत नाही, कोरोना तर नाही ना? शेवटच्या प्रश्नाला खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मराचं नाही ताई मले. मी मेलो तर मोजन कोण?"

हे ऐकून मला हायसं वाटलं की भीती वाटली, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन लावला. ते त्या वेळी कोविड सेंटर सांभाळत होते, दोन वाक्यांत म्हणाले, हिमोग्लोबिन बघा, समुपदेशकांशी बोला. तालुक्याच्या समुपदेशक बाई फोन ड्युटीवर होत्या, घरी विलगीकरणात असलेल्यांना रोज फोन करायचं काम. तीन दिवसांनी रात्री नऊला त्यांचा फोन आला. बाईंचा आवाज बसलेला, पण त्यांनी चाळीस मिनिटं दिली. आधी माझ्याशी, मग बाळंतिणीशी. वही एकदम हिसकायची नाही, म्हणाल्या. आधी दर दोन तासांनी, मग दिवसातून तीनदा, मग फक्त आशाताई येतील तेव्हा. मोजावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं थांबायचं. साबण बंद, साधं पाणी पुरे. आणि रात्रीतले सलग चार तास लेकरू आजीजवळ, आई दुसऱ्या खोलीत, पाजायची वेळ झाली तरच हाक. सासूने ऐकलं आणि म्हणाली, "सहा काढले म्या, एकाही रात्री मोजलं नाही." बोलणं कडू होतं, पण त्या रात्रीपासून सासूनेच पोरीला आपल्या बाजेवर घेतलं. नवरा म्हणायचा काळजी करू नको. त्याला मी सांगितलं, बोलू नको, रात्रीचं पाणी तू भर आणि लंगोट तू बदल. तो बदलू लागला. गावात चर्चा झाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी वहीत दिवसाचे आठ आकडे होते. कमी झाले होते, संपले नव्हते.

बेचाळिसावा दिवस आला तेव्हा आम्ही संपावर होतो. १५ जूनपासून राज्यभरच्या आशा संपावर होत्या. कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये, म्हणजे दिवसाचे तेहतीस, यावर किती दिवस टाळ्या वाजवून घ्यायच्या? संप बरोबरच होता. त्यामुळे मी पिशवी न घेता, फॉर्म न घेता, नुसती साडी बदलून शेजारीण म्हणून गेले. पोरगी आता पाहून हसत होती. खिडकी उघडी होती, कूलर सुरू होता. बाळंतीण न्हालेली, मास्क एकच. मला चहा दिला. मी पोरीच्या पोटाकडे पाहणार नाही असं ठरवून गेले होते, तरी डोळे तिकडे गेलेच, आणि ओठात मोजणी सुरू झाली. तिने पाहिलं.

निघताना तिने वही माझ्या हातात दिली. "तुमच्याजवळच ठेवा. घरात असली की हात जाते."

ती अजून माझ्या पेटीत आहे, जुन्या रजिस्टरांखाली. मागच्या दिवाळीत आवरताना पहिल्यांदा पूर्ण वाचली. अठराव्या दिवसाच्या पानावर रात्री २.४० ला आकडा आहे ६१. त्याखाली २.४२ ला ४४. तिने पुन्हा मोजलं होतं, मी शिकवलं तसंच, आणि कोणालाच उठवलं नव्हतं. मधल्या दोन मिनिटांसमोर काही लिहिलेलं नाही, फक्त पेनाने कागद खरवडल्याची एक खूण आहे, पाठच्या पानापर्यंत उमटलेली.