साडेसहाचा चहा

रात्री साडेआठला शीत-हुमण (भात नि माशांची आमटी) जेवलं की शरीर यकृतातल्या ग्लायकोजनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर चालतं. हा साठा साधारण १० ते १२ तास पुरतो. म्हणजे तो संपत येतो सकाळी साडेसहा-साडेआठला, आणि नेमका तेव्हाच दोन चमचे साखरेचा चहा नि उंडो हा गोव्याचा पाव पुढ्यात येतो.

न्यूरोसायंटिस्ट मार्क मॅटसन यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत अनेक वर्षं उपवासातल्या याच क्षणाचा अभ्यास केला. साखर संपली की चरबी वितळते, यकृत तिचे कीटोन बनवतं आणि साखरेऐवजी मेंदू ते इंधन म्हणून जाळतो. उंदरांमध्ये हे कीटोन बीडीएनएफ हे प्रथिन वाढवतात. चेतापेशींमधली जोडणी त्यावर टिकते. माणसांतला पुरावा मात्र अजून लहान आहे. २०२४च्या अभ्यासात इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशी स्थिती) असलेली ४० वयस्क माणसं होती, काळ ८ आठवडे. आठवड्यातले दोन दिवस दिवसाला फक्त ४८० कॅलरी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली, पण नुसता चौरस आहार घेणाऱ्यांनाही फायदा झालाच. त्यामुळे 'उपवासाने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) टळतो' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्या एकादशीला हा बदल का होत नाही? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर बटाटा, दाण्याचं कूट, तूप. एका बशीतच ४०० कॅलरी सहज होतात, आणि ग्लायकोजन पुन्हा भरतं. त्याऐवजी वाटीभर मुगाची उसळ, दोन उकडलेली अंडी, काकडी आणि पेलाभर ताक घेतलं तरी दिवस त्या ४८० कॅलरींतच भागतो, पोटही धरून राहतं. अंडी चालत नसतील तर उसळ दुप्पट घ्या.

दुसरी पद्धत म्हणजे दिवसातलं खाणं ठरावीक तासांतच उरकायचं. तिच्यात घाई नको. पहिला महिना आठवड्यातले पाच दिवस सगळं खाणं १० तासांत, दुसरा महिना ८ तासांत. जुन्या शेतकऱ्याची दहाची पेज इथे चपखल बसते, फक्त रात्रीचं जेवण पहिल्या महिन्यात आठच्या आणि दुसऱ्यात सहाच्या आत उरकायला हवं. सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्धा तास भरभर चाललात तर साठा लवकर संपतो. पहिले काही आठवडे चिडचिड होते, लक्ष लागत नाही. महिन्याभरात बहुतेकांचं हे थांबतं. डोकं दुखलं तर आधी पाणी आणि मीठ पाहा, कारण इथल्या दमट हवेत घाम फार जातो. सोलांचं (आमसुलाचं) पाणी मीठ घालून, साखर न घालता प्यावं.

गरोदर बायका, वाढती मुलं आणि वजन आधीच कमी असलेली म्हातारी माणसं यांनी हे करूच नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर डोस डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय सुरुवात नको. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर ग्लुकोमीटर लावा. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि त्या दिवशीचा उपवास तिथेच मोडायचा.