हास्य क्लबात पोटाकडे लक्ष ठेवा

सकाळी साडेसहाला बागेतून ‘हो हो, हा हा हा’ ऐकू आलं की चालायला आलेले लोक एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. मिचकावू देत. तिथे जे चाललेलं असतं तो खरं तर श्वास सोडण्याचा व्यायाम आहे, आणि बऱ्याच क्लबांत नेमकं तेवढंच कुणी शिकवत नाही.

हसताना आपण श्वास घेत नाही, तुकड्यातुकड्याने बाहेर टाकतो. प्रत्येक ‘हा’ म्हणजे पोटाच्या स्नायूंनी आत मारलेला एक छोटा धक्का. मनापासूनच्या हसण्यात असे सेकंदाला साधारण पाच धक्के बसतात. एरवीच्या श्वासात फुफ्फुसात बरीच हवा तशीच पडून राहते, त्यातली काही हसताना बाहेर पडते आणि मग पुढचा श्वास आपसूक खोल येतो. हसून झाल्यावर ‘आई गं’ म्हणत जो मोठा श्वास आपण घेतो, तो हाच.

डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्य क्लब सुरू केला. आधी तिथे विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, चावट आणि टोचून बोलणारे उरले, लोक नाराज झाले. म्हणून विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. त्याला योगातल्या श्वसनाची जोड मिळाली आणि हास्ययोग तयार झाला.

खोटं हसलं तरी शरीराला फरक कळत नाही, असं क्लबांत हमखास सांगतात. हे अर्धंच पटतं. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या श्वासाच्या स्नायूला, खरंच कळत नाही. पण दुखणं सुसह्य होणं, मन हलकं होणं हे सोबतीच्या खऱ्या हसण्यातून येतं. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी लोकांना विनोदी चित्रफिती दाखवून त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली. हसल्यावर ती वाढली होती. नुसत्या छान वाटणाऱ्या चित्रफितींनी ती वाढली नाही. म्हणून क्लबात समोरच्याच्या डोळ्यांत बघा. जमिनीकडे बघून केलेलं ‘हा हा’ ही कवायत होते.

वजन मात्र याने उतरत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्यात 10 ते 40 कॅलरी खर्च होतात. एका पोळीत याहून जास्त असतात.

आता प्रत्यक्ष कृती. पोट रिकामं हवं, निदान जेवणानंतर दोन-अडीच तास गेलेले हवेत. चहा चालेल, पण अर्धा कप. सुरुवातीला चार-पाच मिनिटं टाळ्या. बोटांवर बोटं, तळव्यावर तळवा, आणि ताल एक-दोन, एक-दोन-तीन. मग हात वर नेत चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्या, हात खाली आणत आठ अंकांपर्यंत सोडा. यानंतर हास्याचे प्रकार. एक प्रकार 30 ते 45 सेकंद, मध्ये दोन दीर्घ श्वास. असे आठ-दहा प्रकार पुरेत. सगळं मिळून 20-25 मिनिटं, शेवटची तीन मिनिटं गप्प बसून.

पहिले चार दिवस एक हात बेंबीच्या वर ठेवा. ‘हा’ म्हणताना पोट आत जायला हवं. खांदे उडतायत आणि पोट जागच्या जागी असेल, तर तुम्ही घशाने हसताय. घरी जाईपर्यंत घसा खरखरतो तो यामुळेच. उपाय सोपा आहे: ‘हा’ऐवजी खालच्या पट्टीत ‘हो’ने सुरू करा, जबडा सैल सोडा.

चक्कर येणं, बोटांना मुंग्या येणं हे घाईघाईने श्वास ओढल्याने होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. अशा वेळी खाली बसा, बोलू नका, नुसता श्वास लांबवत सोडा. दोन-तीन मिनिटांत ठीक वाटतं. नाही वाटलं किंवा छातीत दुखलं तर हास्ययोग बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

प्रकारांचीही पारख हवी. सिंहहास्यात जीभ पूर्ण बाहेर काढून डोळे मोठे करायचे असतात. कवळी सैल असेल तर ती आधी खिशात ठेवा. लस्सी हास्यात डोकं मागे टाकून काल्पनिक पेला रिकामा करतात. मानेचं दुखणं असणाऱ्यांनी पेला सरळ बघूनच प्यावा. हसताना थेंबभर लघवी होण्याची अडचण बायकांना फार असते आणि लाजेखातर त्या क्लब सोडतात. तसं करायची गरज नाही. येण्याआधी लघवीला जाऊन या, हसताना खालचे स्नायू वर ओढून धरा, जोरदार प्रकारांऐवजी मौनहास्य, म्हणजे आवाज न करता हसणं, करा. तक्रार टिकली तर डॉक्टरांना सांगा, तिच्यावर उपचार आहेत.

हर्निया, रक्त पडणारी मूळव्याध, आटोक्यात नसलेलं बीपी, नुकतीच झालेली पोटाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, गरोदरपण: यांत पोटावर जोर देऊन हसायचं नाही, आधी डॉक्टरांना विचारायचं. दमा असणाऱ्यांना हसता हसता उबळ येऊ शकते, त्यांनी इनहेलर हाताशी ठेवावा.

उरला आवाज. कुर्ल्यातल्या एका तळ्याकाठच्या हास्य क्लबाची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि पहाटे खिडकीखाली पंचवीस जण ओरडत असतील तर तक्रार करणाऱ्याचं फार चुकतं असंही नाही. इमारतींपासून लांब उभे राहा. घरी करायचं तर तोंड मिटून, भ्रामरीसारखं नाकातून ‘हम् हम्’ करत हसा. पोट तेवढंच हलतं. आरशासमोर दोन मिनिटं केलं तरी पुरतं, फक्त न्हाणीघरात करू नका, तिथे आवाज घुमतो.