'करू का?' पासून 'केलंय, बघून घ्या' पर्यंत

आमच्या पंपांच्या कंपनीत आम्ही पन्नासेक जण होतो तेव्हा कस्टमरचा तक्रारीचा फोन आला की सगळ्यांच्या कानावर पडायचा. आता 250 च्या आसपास झालोय, तर तो फोन सर्व्हिसकडे जातो, सर्व्हिसवाले क्वालिटीला मेल टाकतात, क्वालिटी स्टोअरला विचारते, आणि ज्याला प्रॉब्लेम समोर दिसतोय त्याच्या हातात काहीच राहत नाही. छोट्या कंपनीत मालक स्वतः धावतो, मोठ्या कंपनीत नवीन कल्पनांसाठी वेगळी टीम तरी असते, आपण मधले मात्र दोन्हीकडून गेलो.

गोअर-टेक्स हे वॉटरप्रूफ कापड बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण मला यासाठीच आवडतं. बिल गोअर आणि त्यांच्या पत्नीने ती 1958 मध्ये घराच्या तळघरात सुरू केली, आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं की एका कारखान्यात दीडशे-दोनशेच्या वर माणसं गेली की 'आपण ठरवलं' असं बोलणारे लोक 'त्यांनी ठरवलं' असं बोलायला लागतात, म्हणून ते कारखाना वाढवत बसण्यापेक्षा दुसरा उघडायचे. त्यांच्या मेडिकल प्रॉडक्टवर काम करणाऱ्या एका इंजिनिअरने स्वतःच्या सायकलच्या केबलला कोटिंग करून बघितलं, त्यातून पुढे गिटारच्या कोटिंगवाल्या तारा निघाल्या आणि चांगल्या चालल्या. गिटारच्या तारा बनवा असं त्याला वरून कुणी सांगितलं नव्हतं!

आमच्याकडची गोष्ट साधी आहे. पंप रिपेअर करणाऱ्या एका टेक्निशियनने वहीत लिहून ठेवलं होतं की एकाच साइटवर दुसऱ्यांदा जावं लागतं ते बहुतेक वेळा गळती थांबवणाऱ्या एका सीलमुळे, म्हणून त्याने मागितलं काय, तर प्रत्येकाच्या बॅगेत दोन सील आणि ग्रीसची एक ट्यूब. स्टोअरने तीन सह्या मागितल्या. तीन सह्या, दोन सीलसाठी! तो फॉर्म दीड महिना फिरत राहिला आणि तोवर पोरगं गप्प झालं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग आमच्या मॅनेजर मॅडमनी एक केलं, दर महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत कुणाला विचारायचं नाही, फक्त रजिस्टरमध्ये लिहायचं की कशासाठी घेतलं आणि त्याचं काय झालं. पहिले दोन महिने रजिस्टर जवळजवळ कोरंच, लोकांना खरंच वाटेना. नंतर हळूहळू बोलणंच बदललं, 'मॅडम, करू का?' ऐवजी 'मॅडम, केलंय, एकदा बघून घ्या'. माझ्या मते बिझनेसचा विचार तिथे सुरू होतो, कारण स्वतः खर्च केलाय म्हटल्यावर माणूस त्याचा हिशोबही स्वतःच ठेवतो. सजेशन बॉक्समध्ये चिठ्ठी टाकली की कल्पना दुसऱ्याची होते, पुढे तिचं काय झालं ते कळतसुद्धा नाही.

आणि सगळं जमलंच असं नाही. एकाने कस्टमरकडून आधी फोटो मागवून बिघाड ओळखायचा प्रयत्न केला, फोटो धूसर यायचे, पंपावर चिखल, दोन महिन्यांत बंद करावं लागलं. तेव्हा अख्खं डिपार्टमेंट बघत होतं की आता याचं काय होतं. त्याला मीटिंगमध्ये काय चुकलं ते सांगायला लावलं, कुणी टोमणा मारला नाही, आणि पुढच्या आठवड्यात नव्या मॉडेलच्या ट्रायलवर त्यालाच पाठवलं. त्यानंतर रजिस्टरमध्ये जेवढ्या नोंदी झाल्या तेवढ्या आधीच्या सगळ्या महिन्यांत मिळून नव्हत्या.

अडतंय ते मधल्या सुपरवायझर लोकांपाशी, आणि मी त्यांना दोष देणार नाही. त्यांचं टार्गेट या महिन्याच्या कामावर मोजलं जातं, मग हाताखालचा माणूस आठवड्यातले तीन तास स्वतःच्या कल्पनेच्या ट्रायलला देणार तर ते तास भरून कोण काढणार? हे तास त्यांच्या टार्गेटमधून वजा करा असं आम्ही मागितलंय, मॅडम पुढच्या रिव्ह्यूला मांडणार आहेत. त्या दुसऱ्या साइट व्हिजिटचे आकडे मी त्यांच्यासाठी काढून ठेवतोय, वही त्याच टेक्निशियनची.