हजर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज तीन शाळा झाल्या. तिसरीत पोचले तेव्हा खिचडीची पातेली घासायला गेली होती आणि मला बसायला मिळाली ती तांदळाच्या पोत्यांची खोली. वाचा-उपचाराला शांत, बंद खोली हवी असं आम्हाला शिकवलंय. प्रत्यक्षात व्हरांडा मिळतो, नाहीतर पोती. पोत्यांचा एक फायदा आहे, आवाज घुमत नाही.

सकाळची दोन मुलं भराभर झाली. तिसरीतल्या एका मुलीला 'बोबडी' म्हणून माझ्याकडे धाडलेलं. फळ्याला 'फला' म्हणते, काळ्याला 'काला'. बाप बांधकामावर, घरात भोजपुरी. भोजपुरीत ळ नाहीच, तर पोरीने आणायचा कुठून? वर्गात ऐकून ऐकून येईल. बाई म्हणाल्या, "मग मी फॉर्मवर काय लिहू?" म्हटलं, काही लिहू नका. त्यांना ते फारसं पटलं नाही. दुसरा पहिलीतला, काकाला 'ताता' म्हणणारा. त्याची आजी रोज जिभेच्या शेंड्याला वेखंड उगाळून लावते. मी समजावलं, आजी, 'क' निघतो जिभेच्या मागच्या भागातून, शेंड्याचा त्यात काही संबंध नाही, वेखंड बंद करा. आजी विचारात पडली. म्हणाली, "मग मागं लावू?"

खरं लिहायचंय ते तिसऱ्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाबद्दल. अडखळतो. हा त्रास बहुतेकांना दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, पुष्कळांचा आपोआप जातो, याचा राहिला. माझ्याकडे अशी मुलंच जास्त येतात, मुली क्वचित.

गुरुजींचं म्हणणं, पोरगं नाटकी आहे. "परिपाठाला प्रतिज्ञा खडाखडा म्हणतो. कविता चालीवर म्हणतो. मग हजेरीलाच बरं अडतं?" गुरुजी वाईट नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते बरोबरच आहे, अर्थ तेवढा उलटा लावला. सगळ्यांच्या सुरात बोलताना किंवा गाताना अडखळणाऱ्यांची वाचा बहुधा मोकळी होते. मोठ्या माणसांचंही तेच. एकटं बोलायची वेळ आली, सगळे आपल्याकडे बघायला लागले, की अडतं. आणि हजेरीला नेमकं तेच होतं. पाळी येणार हे आधी दहा नावांपासून कळत असतं. शिवाय शब्द बदलता येत नाही. 'पाणी' अडलं तर ही मुलं 'प्यायला द्या' म्हणून वेळ निभावून नेतात, भारी हुशार असतात त्यात. 'हजर'ला काय म्हणणार? त्याने एकदा "आलोय गुरुजी" म्हणून पाहिलं, तर वर्ग खो खो हसला. तेव्हापासून गप्प बसतो. गुरुजी क्षणभर थांबतात आणि पुढचं नाव घेतात. मी हजेरीपट मागून पाहिला, या महिन्यात पाच दिवस गैरहजर. पाचही दिवस खिचडीच्या रांगेत होता, वाढणाऱ्या मावशींनीच सांगितलं.

मुंबईत इंटर्नशिपला असताना आम्हाला मुद्दाम अडखळायला पाठवायचे, बाजारात, तिकीट खिडकीवर. मी रेल्वेच्या खिडकीवर "भ-भ-भ" केलं, तर आतल्या माणसाने "भांडुप ना?" म्हणून तिकीट सरकवलं. मला भायखळा हवं होतं. मागे रांग, मान खाली घालून भांडुपचे पैसे देऊन निघाले. माझं ते सोंग, दहा मिनिटांचं. तरी कान तापले होते.

गुरुजींना दोनच गोष्टी सांगितल्या. त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, आणि 'सावकाश बोल' म्हणू नका. सावकाश म्हटलं की ते पोर घसा आणखी आवळतं. पेन पटावर ठेवून नुसते थांबा. गुरुजी म्हणाले, "मी थांबेन हो मॅडम. बाकीची बेचाळीस थांबतील का?" यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पुढच्या मंगळवारी वर्गाशी बोलते म्हणाले. काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही. त्याला विचारूनच ठरवावं लागेल, त्याच्या मागे नको.

मग पोत्यांच्या खोलीत आम्ही दोघं. अर्धा तास त्याने पोत्याची सुतळी उसवली. मी म्हटलं, 'हजर' म्हणताना काय होतं ते दाखव. मान हलवली. "तुम्ही म्हणा आदी."

मी म्हटलं, "ह-ह-ह-हजर." माझ्या मते उत्तम.

"तसं नाय." त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वतःचा गळा दोन बोटांनी धरला. "हितं दार लागतंय. आवाजच न्हाई येत. त-तोंड नुसतं उघडं ऱ्हातं."

मी तोंड उघडं ठेवून श्वास अडवला, मग शब्द ढकलला. "लय लवकर सोडलं," म्हणाला. पुन्हा केलं. "डोळं मिटायचं इसरला." तो डोळे मिटतो हे मी टिपून घेतलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा हसला, सुतळी सोडून सरळ बसला. चौथ्यांदा केलं तेव्हा दारात खिचडीवाल्या मावशी येऊन उभ्या होत्या, मॅडमना काय झालं म्हणून बघत.

"आता ज-जमलं, बाई," तो म्हणाला.