सॅन डिएगोचा जून

जून लागला तरी आमच्या सॅन डिएगोत सकाळी आभाळ भरलेलंच, इथले लोक याला जून ग्लूम म्हणतात, आणि भारतातून आलेले आईबाबा रोज विचारतात पाऊस येणार का म्हणून, तर नाही, हे ढग पावसाचे नव्हेतच. इथला समुद्र थंडगार, त्याच्यावरची हवा गार नि दमट, आणि वर गरम हवेचं झाकण, म्हणून ढग किनाऱ्यालाच अडकून पडतात. फार तर गाडीच्या काचेवर बारीक तुषार, वायपर एकदा फिरवला की झालं.

खरी मजा आय-८ महामार्गावरून पूर्वेला निघालं की! लगूनाच्या डोंगरात चढलं की ढग खाली राहतात, वर लख्ख ऊन आणि पाइनचा वास. पलीकडे उतरलं की अँझा-बोरेगोचं वाळवंट, पारा सहज ४० च्या वर, घरून स्वेटर घालून निघालेला माणूस दोनेक तासांत सावली शोधायला लागतो. आपल्या सह्याद्रीसारखंच, डोंगर ओल अडवतो आणि मागचा पट्टा कोरडा. मला तर हे जाम आवडतं. जाणार असाल तर पाणी भरपूर न्या आणि दुपारी ट्रेक नको प्लीज, तिथल्या उन्हाने माणसं दगावतात.